पुण्याची मंडई आणि शेतकऱ्याची जागा

पुण्याच्या इतिहासात मंडईचा उल्लेख बहुधा वास्तू म्हणून होतो. तिचा अष्टकोनी मध्यभाग, त्यावरील मनोरा आणि दगडी बांधकाम यांची वर्णने विपुल आहेत. मात्र तेथे माल आणणारा शेतकरी व पिशवी घेऊन येणारे गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोण उभे होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने बांधलेली नवी मंडई १८८६ मध्ये सुरू झाली व तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी या योजनेस विरोध केला होता; हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा विरोध बाजाराविषयीच्या अनास्थेतून आलेला नव्हता. माळी कुटुंबात वाढलेल्या फुल्यांना भाजीपाल्याचा व्यवहार आतून ठाऊक होता.

१८८३ मध्ये पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगा आहे. गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेला शेतकरी त्यात भेटतो. वजनात फसविणारे दलाल आणि नगरपालिकेची जकात यांतच मालाची किंमत संपते. गाडीभाडेही अंगावर पडते. दलाल व जकात यांना फुल्यांनी एकाच हिशेबात मांडले, हे लक्षणीय होय. बाजारावर पक्के छप्पर आल्याने हा हिशेब बदलणार नव्हता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच मंडईस फुल्यांचे नाव मिळाले. हा गौरव उचितच. पण त्यात मूळ आक्षेप मात्र विस्मृतीत गेला.

त्या आक्षेपाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळात झाला. १९६३ च्या राज्य कायद्याने बाजार समित्या, परवानाधारक आडते व उघड लिलाव यांची चौकट उभी केली. पुण्याचा घाऊक व्यापार कालांतराने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. दलालाचा आडत्या झाला, तरी आडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जाई. जकात पुण्यातून २०१३ मध्ये गेली. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, आडत खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले.

या बाजारात मधला माणूस नाही, हे खरे. पण त्याचे काम उरतेच. निवड, वाहतूक, सुटे पैसे आणि दिवसभर उभे राहणे हे सारे शेतकऱ्याच्या, बहुधा घरातील स्त्रीच्या, अंगावर येते. मेथी-कोथिंबीर दुसऱ्या दिवशी टिकत नाही; संध्याकाळी ती मिळेल त्या दराने द्यावी लागते, आणि हे जाणणारे गिऱ्हाईक मुद्दाम उशिरा येते.