आगप्रतिबंध : सिंधुदुर्ग किनारपट्टी

आगीची कारणे आधीच दूर करून जीवित व मालमत्ता वाचवण्याचे कार्य. राज्यात त्याला ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’चा आधार असून तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू आहे. त्यानुसार हॉटेले, रुग्णालये इ. इमारतींतील आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाला दर जानेवारी व जुलैत सादर करावे लागते.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या शहरांत अग्निशमन ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. दूरच्या वाड्यांत अरुंद पाणंदींमुळे बंब पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून तेथे प्रतिबंधच महत्त्वाचा. उन्हाळ्यात कातळसड्यावरचे गवत वाळते. वीजतारांची ठिणगी किंवा विडीचे थोटूक पडले, की दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने वणवा आंबा-काजूच्या बागांत शिरतो. बागेभोवती गवत काढून मोकळा पट्टा ठेवणे, मांगरापासून पेंढ्याची उडवी लांब रचणे, चुलीची राख विझवूनच टाकणे हे प्रभावी उपाय होत.

मुंबई गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी झालेल्या स्फोटांत 66 अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात व त्यात प्रात्यक्षिके दाखवतात. आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक : 101 व 112.