सोलापूरच्या उपासनेतला मराठी सूर

सोलापुरात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ‘वोरोनोको’ हे नाव ओळखीचे आहे. मुलींच्या शिक्षणाची ही शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि पुढे सोलापुरात आले.

मी संगणक अभियंता, इतिहासकार नव्हे. तरी एक प्रश्न मला नेहमी पडतो. धर्मांतरानंतर घर, जात आणि भावकी दुरावलेल्या माणसांना पुन्हा ‘आपली माणसे’ कुठे मिळाली असतील?

मोठा आधार होता तो सामुदायिक उपासनेचा. पाणवठेसुद्धा वेगळे असण्याच्या त्या काळात प्रभुभोजनाच्या वेळी वेगवेगळ्या जातींतून आलेल्यांनी एकाच भाकरीचा वाटा घ्यायचा होता. हे सोपे नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना समजते की मनातले सोवळे सुटायला किती काळ जावा लागतो.

दुसरा आधार गाण्याचा. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हणताना शब्द मराठी असले, तरी सूर पाहुण्याचाच वाटणार. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ही उणीव ओळखली. अभंग, भजन, कीर्तन या आपल्या मातीतल्या वाटांनी त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी ती उचलायची. त्यामुळे अक्षरओळख नसलेली आजीही मागे राहत नाही. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे व्याख्यानापेक्षा अशा गाण्यातून लवकर पटते.

१९७० मध्ये नागपुरात अनेक चर्चपरंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. संस्थेचे नाव बदलले, मराठी भजन राहिले.

आपणही शाळेत रोज एका रांगेत उभे राहून प्रार्थना म्हणत होतो. शेजारच्याचा धर्म वा जात विचारायचे तेव्हा कुणाला सुचत नसे. मेळाव्यात प्रार्थना सुरू होईल, तेव्हा शब्द आठवले नाहीत तरी मित्रमैत्रिणींनो, रांगेत या. पुढची ओळ शेजारचा म्हणेलच. आणि बाई-सर आहेतच चूक काढायला!