जिभेचे काम ओठांनी: मुखकर्करोगानंतरच्या वाचा-पुनर्वसनाचा मागोवा

मुखकर्करोगाच्या उपचारांचा इतिहास बहुतेक ग्रंथांत शस्त्र, किरण आणि औषध यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे; शस्त्रक्रियेतून वाचलेला माणूस पुढे बोलला कसा, हा प्रश्न त्यात जाता जाता येतो. वास्तविक हा प्रश्न कर्करोगशास्त्राहून जुना आहे. जीभ नष्ट झालेली माणसे बोलू शकतात हे युरोपातील वैद्यांनी सतराव्या शतकातच नोंदवून ठेवले होते, परंतु त्या नोंदींचे पद्धतशीर उपचारात रूपांतर होण्यास तीनशेहून अधिक वर्षे लागली. आणि जेव्हा ते झाले, तेव्हा ज्या आजारावर ते बेतलेले होते तो आजार मुंबईच्या रुग्णालयांत दिसणाऱ्या आजाराहून बराच निराळा होता.

वाचा-पुनर्वसन म्हणजे रोगाने किंवा उपचाराने बिघडलेले बोलणे शिक्षण, व्यायाम आणि साधने यांच्या आधारे शक्य तितके परत मिळवणे, आणि जेथे ते मिळत नाही तेथे संवादाचा दुसरा मार्ग उभा करणे. त्यात आवाज आणि उच्चार या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. आवाज कंठातील स्वरयंत्रात तयार होतो, तर त्याला वर्णांचे रूप जीभ, ओठ, टाळू, दात आणि गाल मिळून देतात. स्वरयंत्र काढलेल्या माणसाचा आवाजच जातो. तोंडाची शस्त्रक्रिया झालेल्याचा आवाज शाबूत राहतो, पण त्यातून शब्द नीट घडत नाहीत.

या दोघांना इतिहासाने सारखे वागवलेले नाही. थिओडोर बिलरोथ याने १८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले आणि पुढच्याच वर्षी त्याचा सहायक कार्ल गुसेनबाउअर याने त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बसवल्याचे जाहीर केले. पुढे अन्ननलिकेतून ढेकरेसारखी हवा सोडून बोलण्याची पद्धत आली, गळ्याला टेकवायची विजेरी यंत्रे आली, स्वरयंत्र गमावलेल्यांची मंडळे स्थापन झाली, आणि १९८० च्या सुमारास एरिक ब्लॉम व मार्क सिंगर यांची श्वासनलिका-अन्ननलिकेमधील छोटी झडप सर्वत्र पोहोचली. तोंडाच्या रुग्णाच्या वाट्याला असे एकही नाव घेण्याजोगे यंत्र आले नाही, कारण स्वरयंत्र हे ध्वनीचा एक स्रोत आहे आणि स्रोताची जागा दुसरा स्रोत घेऊ शकतो, मात्र क्षणाक्षणाला आकार बदलणाऱ्या जिभेची नक्कल करणारे साधन अजूनही कोणाला घडवता आलेले नाही.

तोंडाबाबतचे सर्वांत बोलके जुने वर्णन फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे याच्या ग्रंथात आढळते. बूर्ज शहराजवळच्या एका गावातील माणसाच्या जिभेचा तुकडा कापला गेल्यामुळे तो सुमारे तीन वर्षे मुका होता. शेतावर कापणी करणाऱ्यांबरोबर असताना तो लाकडी वाडग्यातून पीत होता, तेवढ्यात कोणीतरी त्याला गुदगुल्या केल्या, आणि वाडगा दातांत धरलेला असतानाच त्याच्या तोंडून शब्द फुटला. त्याने मग तसेच पातळ लाकडी साधन घडवून घेतले, ते गळ्यात अडकवून ठेवले आणि बोलायचे असेल तेव्हा तोंडात धरू लागला. पारेने हे उपकरण कृत्रिम अवयवांच्या प्रकरणात चित्रासह दिले. त्यामागील तत्त्व त्याला पुरते उमगले होते असे म्हणता येत नाही, पण उरलेल्या जिभेला टेकण्यासाठी जवळचा पृष्ठभाग मिळाला की वर्ण पुन्हा घडू लागतात, हेच ते तत्त्व असावे, आणि ते पुढे चारशे वर्षांनी दंतवैद्यकात परत अवतरणार होते.

त्यानंतरच्या नोंदी मात्र उपचाराच्या नसून नवलाच्या आहेत. सोम्यूर येथील शल्यचिकित्सक झाक रोलां याने १६३० मध्ये देवीच्या रोगात जीभ गमावलेल्या एका मुलावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. तो मुलगा बोलत होता, गिळत होता आणि चवही ओळखत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १७४२ मध्ये सफकमधील मार्गरेट कटिंग या तरुणीचे वर्णन आपल्या नियतकालिकात छापले. चार वर्षांची असताना कर्करोगाने तिची जीभ गळून पडली होती असे त्यात नोंदले आहे, तरी ती स्पष्ट बोलत असे व गातही असे. आजच्या निकषांनी तो आजार खरोखर कर्करोगच होता का, याची शंका घेण्यास जागा आहे, कारण एवढ्या लहान वयात जिभेचा कर्करोग फार विरळा, आणि त्या काळी तोंडातील कोणत्याही चिघळलेल्या व्रणाला ते नाव मिळत असे. पण विद्वानांनी तिला समोर उभे करून तपासले, एवढे निर्विवाद आहे. तपासून त्यांनी तिच्यासारख्या इतरांना काय शिकवता येईल याचा विचार केला नाही, हेही तितकेच.

एकोणिसाव्या शतकात या प्रकरणांचा उपयोग चक्क धर्मशास्त्रीय वादात झाला. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील वांडाल राजा हुनेरिक याने ज्यांच्या जिभा कापल्या ते ख्रिस्ती लोक नंतरही बोलत राहिले, ही चमत्कार मानली गेलेली कथा तपासण्यासाठी एडवर्ड ट्विसल्टन याने १८७३ मध्ये एक ग्रंथच सिद्ध केला आणि जीभ बोलण्यास अपरिहार्य नाही असा निष्कर्ष काढला. त्याच सुमारास थॉमस हेन्री हक्सली याने आपल्या शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जीभ काढलेल्या एका गृहस्थाचे उच्चार बारकाईने नोंदले. त्याचे संभाषण समजत असे आणि ‘क’सारखे मागचे वर्णही नीट येत, कारण जिभेचे मूळ शिल्लक होते, मात्र इंग्रजीतील ‘टिन’ हा शब्द ‘फिन’ होई आणि ‘डाइन’चा ‘व्हाइन’ होई. म्हणजे जिभेच्या शेंड्याचे काम खालचा ओठ आणि वरचे दात करत होते. वाचा-उपचाराच्या दृष्टीने हक्सलीची ही अर्ध्या पानाची नोंद आधीच्या सगळ्या नवलकथांहून मोलाची आहे, कारण जीभ गेल्यावर माणूस बोलतो की नाही हे विचारून न थांबता, कोणत्या वर्णाच्या जागी कोणता वर्ण येतो हे त्याने प्रथमच नेमके टिपले.

टाळूच्या बाबतीत गोष्ट सोपी होती. वरचा जबडा किंवा टाळू काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडते, हवा नाकातून निसटते आणि बोलणे गेंगाणे होते. भोक बुजवले की बोलणे सुधारते. असे बुजवणारे साधन, ज्याला दंतवैद्यकात ऑब्ट्युरेटर म्हणतात, पारेच्या काळापासून वापरात होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या वरच्या जबड्याचा भाग १ जुलै १८९३ रोजी एका नौकेवर गुप्तपणे काढण्यात आला आणि रबराचे ऑब्ट्युरेटर इतके चपखल बसले की बातमी फोडणाऱ्या पत्रकारालाच खोटे ठरवणे शक्य झाले; सत्य १९१७ मध्ये त्या शस्त्रक्रियेत सहभागी असलेल्या विल्यम कीन यांनी उघड केले. सिग्मंड फ्रॉइड मात्र एवढे भाग्यवान नव्हते. १९२३ पासून तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसलेल्या या माणसाचे सर्व शास्त्र ऐकण्या-बोलण्यावर उभे होते, आणि तोंडातील साधन त्यांना सतत बोचत राहिले; १९३० च्या गटे पारितोषिकासाठीचे त्यांचे भाषण कन्या ॲना यांनी वाचले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काढलेल्या भागाची भरपाई करण्याचे मार्ग तोकडे होते. उरलेल्या कडा एकमेकींना शिवल्या जात आणि जीभ खाली बांधल्यासारखी होई. ग्लासगोच्या इयन मॅकग्रेगर यांनी १९६३ मध्ये कपाळाची त्वचा रक्तवाहिनीसह वळवून तोंडाच्या आत अस्तर म्हणून बसवण्याची पद्धत मांडली. कपाळाच्या त्वचेचा असा वापर महाराष्ट्राला अपरिचित नव्हता: टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातड्यातून घडवल्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये आले, आणि युरोपातील पुनर्रचना-शस्त्रक्रियेने त्यातून प्रेरणा घेतली. नंतर १९७९ मध्ये स्टीफन एरियन यांनी छातीच्या स्नायूसह त्वचा वर आणण्याची पद्धत सांगितली. ती भरवशाची आणि कमी साधनांत होणारी असल्याने भारतात ती फार रुजली. पण छातीचा तो जाड लगदा जागा भरतो, हलत नाही. चीनमध्ये १९८१ च्या सुमारास पुढे आलेली मनगटाजवळची पातळ त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून बसवता येऊ लागली, तेव्हा उरलेल्या जिभेला हालचालीस वाव ठेवणे हा शस्त्रक्रियेचाच एक हेतू बनला.

बोलणे शिकवण्याची बाजू अमेरिकेतील सेंट लुइस येथे मॅज स्केली यांनी उभी केली. माजी सैनिकांच्या रुग्णालयात जीभ गमावलेल्यांबरोबर काम करून त्यांनी १९७३ मध्ये त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. हक्सलीने जे टिपले होते ते त्यांनी शिकवण्याजोगे केले: कोणता वर्ण कोणत्या उरलेल्या अवयवाने भरून काढायचा, बोलण्याचा वेग कुठे कमी करायचा, तोंड किती उघडायचे. ज्यांचे बोलणे तरीही समजत नसे त्यांच्यासाठी त्यांनी अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या हातवाऱ्यांवर आधारित खुणांची पद्धत १९७९ मध्ये मांडली. लिहिता न येणाऱ्या माणसापुढे पाटी-पेन्सिल ठेवण्यात अर्थ नसतो, ही गोष्ट त्यांच्या या कामातून भारतीय वाचकाला विशेष जाणवते. याच काळात दंतवैद्यांनी टाळू जाड करून खाली आणणारी पट्टी वापरात आणली, म्हणजे जीभ वर पोहोचत नसेल तर टाळूच तिच्यापर्यंत आणायचा. पारेच्या वाडग्याशी तिचे नाते उघड आहे.

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तीनच वर्षांत तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू, चुना, सुपारी आणि मिश्री यांच्या या प्रदेशात गाठ बहुधा गालाच्या आतल्या बाजूस व हिरड्यांच्या खोबणीत होते, कारण तंबाखूची चिमूट तेथेच दाबून ठेवली जाते. शिवाय सुपारीमुळे तोंडाचे अस्तर चिवट होऊन जबडा आवळत जातो, त्या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांमुळे हा आवळलेपणा आणखी वाढतो. त्यामुळे येथील उपचारकाला वर्णांकडे वळण्याआधी जबडा उघडावा लागतो, आणि त्यासाठी दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चवड सरकवून रोज एकेक काडी वाढवण्याचा साधा व्यायाम आजही दिला जातो.

येथेच आयात केलेल्या ज्ञानाची मर्यादा दिसते. मार्गरेट कटिंगपासून स्केलींच्या रुग्णांपर्यंत सगळी पाश्चात्त्य परंपरा ओठ शाबूत आहेत हे गृहीत धरते; जीभ गेली तरी ओठ तिचे काम उचलतात. गालाच्या कर्करोगात मात्र अनेकदा ओठांचा कोपरा, जबड्याचे हाड आणि गालाची जाडी जाते, आणि जीभ बरीचशी राहते. अशा रुग्णाचा ‘त’ ठीक येतो, पण ‘प’ आणि ‘ब’ यांच्यासाठी ओठ मिटत नाहीत, हवा कडेने निसटते, लाळ ओघळते. जेथे जीभही कापली गेली आहे, तेथे मराठीत ‘ट’, ‘ड’, ‘ण’ आणि विशेषतः ‘ळ’ यांची अडचण होते, कारण त्यांच्यासाठी शेंडा मागे वळावा लागतो आणि तसे वळणे ओठांना उसने घेता येत नाही.

भारतात वाचा-उपचाराचे शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्थेत सुरू झाले, आणि आरंभी त्याचा भर बहिरेपणा व बालकांच्या बोलण्यातील दोष यांवर होता. कर्करोग त्यात नंतर आला. पण या उपचारकांच्या हाती एक गोष्ट आधीपासून होती, जी हक्सलीला मेहनतीने रचावी लागली होती. उच्चारशास्त्राच्या प्राचीन शिक्षाग्रंथांनी वर्ण कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ या स्थानांनुसार लावले आहेत, आणि त्यामुळे वर्णमालेची कोणती ओळ मोडते हे ऐकले की तोंडाचा कोणता भाग काम करत नाही याचा अंदाज बांधता येतो. परळला मराठी रुग्णांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेले रुग्ण असतात, उपचारकाला त्या सगळ्यांच्या भाषा येतातच असे नाही. क-च-ट-त-प हा क्रम मात्र हिंदी, बंगाली, गुजराती आणि मराठी या चारही भाषांत एकच आहे, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या रुग्णालाही एकामागून एक म्हणून दाखवल्यास तो म्हणता येतो.