बोलपटाचा आवाज

'बोलपट' हा शब्द आतां मागें पडला आहे. चित्रपट म्हटला कीं तो बोलावयाचाच, हें आपण इतकें गृहीत धरतों कीं बोलणें हा त्याचा निराळा गुण म्हणून सांगण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ज्या पिढीनें हा शब्द घडविला तिला मात्र पडद्यावरील माणसाचा शब्द कानीं पडणें हें मोठें नवल होतें. तें नवल कशानें साधलें, आणि आपल्या भाषेचा त्याशीं काय संबंध आहे, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

मूकपटास स्वतःची भाषा नव्हती. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस सर्वांसाठीं प्रदर्शित झाला, तेव्हां कथा समजावी इतपत मजकुराच्या पाट्या मधून मधून पडद्यावर येत. पाट्या बदलल्या कीं तोच पट दुसऱ्या प्रांतांत चालावयास हरकत नसे. मध्य प्रांत व वऱ्हाड यांची राजधानी असलेल्या आपल्या नागपुरांत मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदत होत्या. अशा शहरीं एकाच पडद्यासमोर दोन्ही भाषांचे लोक निःशंकपणें बसूं शकत. चित्रपट बोलूं लागतांच त्याला कोणत्या तरी एका भाषेची बाजू घेणें भाग पडणार होतें.

आवाज साठवून ठेवण्याची कला चित्रपटाहून जुनी आहे. एडिसननें १८७७ सालींच फोनोग्राफ सिद्ध केला होता. खरी अडचण होती ती चित्र आणि आवाज यांची सांगड घालण्याची. अमेरिकेंत 'व्हायटाफोन' या पद्धतींत आवाज तबकडीवर घेत. ही सोळा इंची तबकडी मिनिटास सुमारें ३३ फेरे घेई आणि हजार फुटांच्या एका रिळास, म्हणजे सुमारें ११ मिनिटांस, पुरे. ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं न्यूयॉर्क येथें लागलेला 'जॅझ सिंगर' याच पद्धतीचा. परंतु तबकडीवरची सुई खांचेंतून उडाली, किंवा फिल्म तुटून चार चौकटी गेल्या, कीं ओंठ एक बोलत आणि कान दुसरेंच ऐकत. चित्र आणि आवाज दोन ठिकाणीं असेपर्यंत ही फारकत टळण्यासारखी नव्हती. म्हणून ज्या पट्टीवर चित्र, त्याच पट्टीवर आवाज लिहावा, हा विचार पुढें आला.

आवाज लिहावयाचा तो प्रकाशानें. मायक्रोफोन हवेंतील कंपांचें विजेच्या कमीअधिक प्रवाहांत रूपांतर करतो. हा प्रवाह फार क्षीण असल्यामुळें त्यास निर्वात नळ्यांच्या योगानें बळ द्यावें लागे. जुन्या रेडिओच्या पेटींत तांबूस उजळणारे जे व्हॉल्व्ह असत, त्यांचाच हा प्रकार. १९०६ सालीं अशी वर्धक नळी शोधून काढणारे ली डी फॉरेस्ट यांनींच १९२३ च्या एप्रिलांत न्यूयॉर्कला आपले बोलके लघुपट दाखविले. तेव्हां रेडिओ आणि बोलपट हीं एकाच कुळांतील भावंडें होत.

बलवान झालेला हा प्रवाह प्रकाशाच्या एका बारीक रेषेस कमीअधिक करतो आणि ती रेषा धावत्या फिल्मवर पडते. फिल्म धुतली कीं चित्रांच्या कडेस सुमारें अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी उमटते. एका पद्धतींत तिच्यावर फिक्या व गडद आडव्या रेघा दाटीनें दिसतात. दुसऱ्या पद्धतींत डोंगरांच्या रांगेसारखी दातेरी आकृति दिसते. चित्रगृहांत हीच क्रिया उलट होते. दिव्याचा किरण बारीक फटींतून येऊन पट्टीपार जातो, पट्टीच्या काळेपणानुसार कमीजास्त होतो आणि प्रकाशविद्युत् घटावर पडून पुन्हां वीज बनतो. ती वीज पडद्यामागच्या कर्ण्यांतून आवाज होऊन बाहेर पडते. तो आवाज अडूं नये म्हणून पडद्यालाही असंख्य बारीक छिद्रें असतात.

यांत दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली वेगाची. मूकपटाचा कॅमेरा बहुधा हातानें फिरवीत, आणि सेकंदास सोळांच्या आसपास चौकटी जात. हात थोडा मागेंपुढें झाला तरी डोळा तें खपवून घेई. कान मात्र तितका क्षमाशील नाहीं. वेग वाढला कीं सूर चढतो, घटला कीं उतरतो. म्हणून सेकंदास २४ चौकटी, म्हणजे मिनिटास ९० फूट, हा वेग ठरून गेला. दुसरी गोष्ट अंतराची. चित्र दिसावयाचें तर प्रत्येक चौकट क्षणभर थांबली पाहिजे. आवाज निघावयाचा तर फिल्म अखंड वाहिली पाहिजे. हीं दोन्ही कामें एका जागीं होणें अशक्य. म्हणून आवाज त्याच्या चित्राच्या सुमारें २० चौकटी पुढें छापीत. पडद्यावर एकजीव भासणारे ओंठ आणि शब्द प्रत्यक्ष फिल्मवर एकमेकांपासून सव्वा फूट दूर असतात!

ही विद्या आपल्याकडे आणली अर्देशिर इराणी यांनीं. त्यांच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत झळकला, आणि गर्दी आवरण्यास पोलिस बोलवावे लागले. यासाठीं वापरलेल्या टॅनार यंत्रांत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळीं घेत. त्यामुळें नंतर काटछांट करावी तर चित्राबरोबर भलत्याच चित्राचे शब्द कापले जाण्याची भीति. स्टुडिओजवळून आगगाड्या धांवत असल्यानें चित्रीकरण बहुतेक मध्यरात्रीनंतर, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर करावें लागे. मायक्रोफोन कॅमेऱ्यास दिसूं नये अशा रीतीनें लपवीत आणि वादकही दृष्टीआड बसवीत. नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतील गाजलेले साहसी नट. त्यांची उर्दू भाषेची तयारी अपुरी असल्यामुळें त्यांना बऱ्याच प्रसंगांत अबोल ठेविलें, असें सांगतात. पडद्यावर भाषा आली ती अशी अगदीं प्रथमपासूनच हिशेब मागत आली.

मराठीचा हिशेब कोल्हापुरांत झाला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ च्या फेब्रुवारींत प्रदर्शित झाला. मराठींतील पहिला बोलपट तो हाच, असें मानतात. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें. हरिश्चंद्राच्या भूमिकेंत गोविंदराव टेंबे, तारामतीच्या भूमिकेंत दुर्गाबाई खोटे, आणि संगीतही टेंब्यांचेंच. फाळक्यांनीं १९१३ सालीं जी कथा मुक्यानें सांगितली, तीच एकोणीस वर्षांनीं मराठी बोलूं लागली. हाच पट 'अयोध्या का राजा' या नांवानें हिंदींतही निघाला, आणि त्यासाठीं चित्रीकरण निराळें करावें लागलें. पाटी बदलण्याचे दिवस संपले होते.

लाभही मोठा झाला. आपल्या संगीत रंगभूमीचा स्वर त्या त्या रात्रीपुरता असे. तबकडींत मावला तर तीन साडेतीन मिनिटें मावे. आतां गाणें, संवाद, उच्चारांची लकब आणि मध्यें पडलेला विरामही नटाच्या चेहऱ्यासह एकत्र टिकूं लागला. १९३६ च्या 'संत तुकारामां'त विष्णुपंत पागनीस गातात तेव्हां गळा आणि मुद्रा एकाच माणसाची असते. पुढें गाणाऱ्याचा आवाज आधीं मुद्रित करून त्यावर नटानें ओंठ हलविण्याची रीत रूढ झाली. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें तिचा पद्धतशीर उपयोग केला होता.

मात्र ज्या गुणानें ही युक्ति श्रेष्ठ ठरली, त्यांतच तिचा धोका दडलेला होता. आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर, म्हणून पट्टी गेली कीं दोन्ही गेलीं. त्या काळची नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, आणि न पेटली तरी उष्णतेनें आपोआप कुजत जाई. वैशाखांत पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरासारख्या ठिकाणीं तिला थंडाव्यावांचून जपणें कठीणच. शिवाय तिच्यांतील चांदीसाठीं जुने पट गाळून टाकीत तें वेगळेंच. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. त्यांतील सात गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. हिंदी बोलपटाचे पहिले शब्द आतां ऐकतां येत नाहींत. 'अयोध्येचा राजा' मात्र वांचला. उपलब्ध भारतीय बोलपटांत तोच सर्वांत जुना समजला जातो.

आज चित्रगृहांतून फिल्म जवळजवळ गेली आहे. चित्र आणि ध्वनि दोन्ही अंकांच्या रूपानें येतात. परंतु अंक आहेत म्हणून निश्चिंत राहणें बरें नव्हे. ज्या जुन्या पट्ट्या उरल्या आहेत त्या वेळेवर उतरून घेतल्या नाहींत तर अंक तरी कशाचे करणार? पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. १९३२ सालीं मराठी माणूस कसा बोले, 'ळ' कसा उच्चारी, राजानें राणीस हांक मारतांना आवाज किती खालीं आणी, हें छापील पुस्तक सांगूं शकत नाहीं. तें त्या अडीच मिलिमीटरांच्या पट्टींत आहे. पोथ्या, बखरी आणि ताम्रपट जपण्याची संवय आपल्या समाजाला आहे. त्याच रांगेंत या पट्टीलाही जागा दिली पाहिजे.