जालमुद्रण आणि त्याच्या साधनांचें जतन

छपाईच्या इतिहासाचा विचार करितांना ठसा, खिळा आणि शिळा हीं तीन साधनें बहुधा डोळ्यांपुढें येतात. चौथें साधन छिद्र होय. ठशाच्या उंचवट्यावरील शाई कागदास लागते. येथें मात्र शाई साधनाच्या आरपार जाऊन खालीं उतरते. व्यवहारांत जिला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात ती पद्धति या छिद्रावर उभी आहे. आम्ही तिला येथें जालमुद्रण म्हणूं. तिच्या साधनांचा पुरावा कसा टिकतो व कसा नाहींसा होतो, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

छिद्रानें छापण्यांत मूळची अडचण एकच. जाड कागदांतून ‘व’ हें अक्षर कोरून काढलें, तर त्याच्या पोटांतील भाग निराधार होऊन गळून पडतो. त्यास धरून ठेवण्यास दुवा राखावा, तर अक्षर तुटतें. जपानांत या अडचणीचा परिहार मोठ्या कुशलतेनें झाला. ईसे प्रांतांतील शिरोको व जिके या गांवीं, म्हणजे आजच्या सुझुका शहराच्या हद्दींत, कापड रंगविण्याचे कागदी सांचे कोरीत. एदो काळांत (१६०३–१८६८) या धंद्यास कीशूच्या तोकुगावा घराण्याचा आश्रय होता. आपल्या टेंभुर्णीच्या जातीचें काकी नांवाचें फळ तिकडे होतें. त्याच्या तुरट रसानें कागद एकमेकांस चिकटवीत व त्यांस धुरी देत, म्हणजे सांचा पाण्यानें भिजून फाटत नसे. नक्षी फार नाजूक असल्यास दोन कागदांमध्यें रेशमाचे धागे बसवीत. सांच्यांतून तांदळाची खळ कापडावर उतरवीत. रंग दिल्यावर खळीखालील भाग पांढरा राही.

सन १९०७ मध्यें मँचेस्टर येथील सॅम्युएल सायमन यानें रेशमी जाळीच्या कृतीचें पेटंट घेतलें. येथें धागा नुसता आधार राहिला नाहीं. चौकटीवर ताणलेली जाळीच सांच्याची भूमि झाली. न छापावयाच्या भागांतील छिद्रें लेपानें बुजवावयाचीं आणि उरलेल्या छिद्रांतून शाई दाबून उतरवावयाची. आतां दुवा नको. या साम्यावरून मँचेस्टरची जाळी ही ईसेची कन्या, असें लिहिण्याचा मोह होतो. परंतु साम्य म्हणजे वंशावळ नव्हे, हें पोथ्यांच्या शाखा लावणाऱ्यांस सांगावयास नको.

पुढें प्रकाशानें कठीण होणारा लेप आला. नक्षीच्या काळ्या भागाखालील लेप मऊ राहून पाण्यानें धुऊन जातो, व तेथील छिद्रें मोकळीं होतात. रेशमाच्या जागीं कृत्रिम धागा आला. १९६३ सालीं नेदरलंड्समधील स्टॉर्क कंपनीनें निकेलच्या पोकळ नळकांड्याची फिरती जाळी पुढें आणली; तिनें कापड अखंड छापतां येऊं लागलें. या पद्धतींत शाईचा थर जाड बसतो, आणि कांच, धातु, कापड असा कोणताहि पदार्थ चालतो. म्हणून सौरघटांवरील चांदीच्या रेघा, विद्युत्-मंडलांच्या पाट्यांवरील संरक्षक लेप, मोटारीच्या मागील कांचेवरील तापणाऱ्या रेषा आणि रक्तांतील साखर मोजण्याच्या पट्ट्या या कामीं ती योजितात.

आतां मुख्य मुद्दा. लांकडी ठसा झिजला तरी उरतो. जाळी मात्र काम संपतांच धुऊन दुसऱ्या कामास घेतात. जुना मजकूर खरवडून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्रासारखीच तिची गति, परंतु चर्मपत्रावरील जुनें लेखन कधीं कधीं वाचतां येतें, जाळीवरील बहुधा नाहीं. ईसेचे सांचे कागदी असल्यानें वांचले. ड्रेस्डेन येथील कलावस्तुसंग्रहालयांत ते १५,००० हून अधिक आहेत. शंभरांवर वर्षें ते तेथें जवळजवळ अज्ञात पडून होते. २०१४ सालच्या प्रदर्शनानें लोकांपुढें आले. छापलेलें वस्त्र विटतें, फाटतें. त्याची नक्षी सांचा सांगतो.

आमच्याकडील पुष्कळ लग्नपत्रिका व कापडी फलक याच रीतीनें छापले गेले. संग्राहक पत्रिका ठेवतात, साधन टाकून देतात. अशी पत्रिका हातीं आल्यास तिरप्या रेषेची कड भिंगानें पाहावी. जाळीचे बारीक दांते दिसल्यास ती जालमुद्रित समजण्यास आधार मिळतो. केवळ अक्षरांच्या उंचवट्यावर विसंबूं नये, कारण उठावाची छपाई अन्य रीतींनींहि होते. आणि मुद्रकाकडे जाळी उरली नसली, तरी ज्या पारदर्शक पत्र्यावरून ती तयार केली तो पत्रा पुष्कळदां अडगळींत पडलेला असतो. तो मागून घ्यावा, त्यावर गांव, साल व मुद्रणालय यांची नोंद करावी आणि छापलेल्या प्रतीसह एकत्र ठेवावा. पोथीबरोबर तिचें वेष्टनहि जपणाऱ्यांस हें ओझें वाटूं नये.