न गोठणारे रक्त

१९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांताचा एक शेतकरी हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड आणि किटलीभर रक्त. ते गोठतच नव्हते. बुरसलेले स्वीट क्लोव्हर नावाचे गवत खाऊन तिकडची गुरे रक्तस्रावाने मरत. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये त्यातील मारक द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून विक्रीस आले. माणसाला ते द्यावयास वैद्य कचरत.

१९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातील एका तरुणाने तेच विष घेऊन जीव देऊ पाहिला. 'के' जीवनसत्त्व आणि रक्त देऊन डॉक्टरांनी त्याला पूर्ण बरे केले. विषाला उतारा आहे हे असे, फार विचित्र वाटेने, सिद्ध झाले; १९५४ पासून वॉर्फरिन माणसांचे औषध ठरले.

श्रोतेहो, या विषाची चाल संथ असते. ते यकृतात नवी गोठणद्रव्ये बनू देत नाही. रक्तातली जुनी मात्र काही काळ पुरतात. म्हणून रोगी एकदोन दिवस धडधाकट दिसतो, आणि घरची माणसे फसतात. लक्षणांची वाट न पाहता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. तेथे रक्ताची तपासणी पुनःपुन्हा होते, आणि घरी सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञ त्याच्याशी बोलतात. तोही आता उपचाराचाच भाग आहे.