तोफेचा पल्ला आणि घसरगुंडी : खेळाची जागा कशी मिळते आणि कशी जाते

फास्ट फूडच्या दुकानात मुलांसाठी घसरगुंडी, प्लास्टिकचे बोगदे आणि रंगीत चेंडूंनी भरलेला हौद असायचा. तुमच्यापैकी काही जण लहानपणी त्यात खेळले असतील, काहींनी तो फक्त चित्रपटात पाहिला असेल. आज अशा जागा झपाट्याने कमी झाल्या आहेत. त्या का आल्या आणि का गेल्या, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्यामागे एक मोठा प्रश्न आहे : शहरात मुलांना खेळायला जागा मिळते ती कोणाच्या हिशेबातून?

हे समजण्यासाठी आपण आधी कोलकात्याच्या फोर्ट विल्यमकडे जाऊ, नंतर मुंबईत येऊ आणि शेवटी बर्गरच्या दुकानात शिरू. तिन्ही ठिकाणी खेळाची जागा हे उपउत्पादन होते, म्हणजे मुख्य हेतू दुसराच होता आणि खेळ त्याच्याबरोबर आला. मुख्य हेतू संपल्यावर त्या जागेचे काय झाले, ते मात्र तिन्हीकडे वेगळे आहे. या टिपणाचा भर त्या फरकावर आहे.

१. किल्ल्यासाठी मोकळी केलेली जमीन

ईस्ट इंडिया कंपनीचा जुना फोर्ट विल्यम हुगळी नदीच्या काठी, आजच्या डलहौसी चौकाच्या परिसरात होता. त्याचे बांधकाम १६९६ मध्ये सुरू झाले. पुढे किल्ल्याच्या भिंतींना जवळजवळ खेटून घरे, गोदामे आणि चर्च उभे राहिले. जून १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौलाने हल्ला केला तेव्हा त्याच्या सैनिकांनी याच इमारतींचा आडोसा घेतला आणि त्यांच्यावरून किल्ल्यात गोळीबार केला. किल्ला काही दिवसांतच पडला.

जानेवारी १७५७ मध्ये क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन यांनी कोलकाता परत घेतले. याच दोघांनी त्याआधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, कोकणात तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला होता. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ पासून, जुन्या जागेच्या दक्षिणेला गोविंदपूर येथे नवा किल्ला बांधायला घेतला. गोविंदपूर हे वस्तीचे गाव होते. तिथल्या लोकांना हलवण्यात आले आणि भोवतालचे जंगल तोडण्यात आले.

किल्ल्याच्या तोफांसमोर शत्रूला लपायला घर, झाड किंवा खड्डा मिळता कामा नये, हा त्यामागचा तांत्रिक नियम होता. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या तोफांची अचूकता अंतराबरोबर झपाट्याने घटत असे. त्यामुळे तोफेच्या परिणामकारक पल्ल्याइतका पट्टा सपाट आणि उघडा ठेवणे हा किल्ल्याच्या रचनेचाच भाग होता. अशा पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. कोलकाता आणि मुंबई या दोन्ही शहरांत हे नाव रुजले ते त्यामुळेच.

म्हणजे कोलकात्याचे सुमारे ४०० हेक्टरांचे मैदान कोणी मुलांसाठी आखले नव्हते. ते तोफांसाठी होते. बंगाली लोक आजही त्याला ‘गडेर माठ’, म्हणजे गडाचे मैदान, असेच म्हणतात. गंमत अशी की या नव्या किल्ल्याला कधी वेढा पडलाच नाही. ज्या लढाईसाठी एवढी जमीन मोकळी केली ती लढाई झाली नाही. जमीन मात्र मोकळी राहिली.

२. मैदानात खेळ रुजतो

मोकळ्या जमिनीवर आधी गोऱ्यांचे खेळ आले. कलकत्ता क्रिकेट क्लबचा उल्लेख १७९२ पासून सापडतो आणि ईडन गार्डन्स याच मैदानाच्या उत्तर टोकाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाली तरुणांनी फुटबॉल उचलला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवले. बहुतेक बंगाली खेळाडू अनवाणी खेळले होते. साम्राज्याच्या रक्षणासाठी मोकळ्या केलेल्या जमिनीवर साम्राज्याच्या पलटणीचा पराभव झाला, म्हणून हा सामना खेळाच्या इतिहासाबाहेरही महत्त्वाचा ठरला.

मैदान आजही लष्कराच्या ताब्यात आहे. लष्कर तिथे पक्के बांधकाम सहसा होऊ देत नाही. म्हणून मोठ्या क्लबांच्या कार्यालयांनाही ‘टेंट’ म्हणजे तंबू म्हणतात. वर्षानुवर्षे मैदानात भरणारा पुस्तक मेळा २००७ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तिथून हलवावा लागला. पुस्तकप्रेमींना ते आवडले नाही. पण मोकळी जागा राखायची तर चांगल्या कामांनाही कधी नाही म्हणावे लागते, हे त्यातून दिसले.

इथे खाण्याचे आणि खेळाचे नाते कसे आहे तेही पाहा. मैदानात आधी खेळ होतो. मग झालमुडी, फुचका (आपली पाणीपुरी) किंवा एखाद्या टेंटच्या कँटीनमधला स्ट्यू आणि टोस्ट. खाणे खेळाच्या मागे येते. काही विकत घेतले नाही म्हणून मैदानातून कोणाला उठवले जात नाही.

३. मुंबई : तोच उगम, वेगळी वाटचाल

मुंबईच्या कोटासमोरही असाच एस्प्लनेड होता. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. त्यानंतर हा मोकळा पट्टा आणखी रुंद करण्यात आला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडले गेले. तट गेले म्हणजे तोफांसमोरचा मोकळा पट्टा ठेवण्याचे कारणही गेले. एस्प्लनेडवर रस्ते आणि सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. जे तुकडे उरले ते म्हणजे आजचे ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज मैदान.

या तुकड्यांसाठीही भांडावे लागले. १८८० च्या दशकात गोरे लोक तिथे पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी पारशी व हिंदू मुलांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडत. त्यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. या लढ्याचा वृत्तांत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे १९९० च्या दशकात ओव्हलची दुर्दशा झाली, तेव्हा परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि नंतर देखभालीची जबाबदारी स्वीकारली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली ती आझाद मैदानावर. ते मैदान एस्प्लनेडचाच उरलेला तुकडा आहे.

४. बर्गरबरोबर घसरगुंडी

आता अमेरिकेत जाऊ. मॅकडोनल्ड बंधूंनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे दुकान काढले आणि १९४८ मध्ये पदार्थ कमी करून झटपट सेवेची पद्धत आणली. १९५५ पासून रे क्रॉक यांनी तिचा देशभर विस्तार केला. महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वाढली, घरोघरी गाडी आली आणि लहान मुलांची संख्याही वाढली. बाहेर कुठे जेवायचे हे अनेकदा मूल ठरवते, हे कंपनीने ओळखले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दुकानांच्या आवारात खेळाची साधने येऊ लागली आणि १९७९ मध्ये खेळण्यासह ‘हॅपी मील’ आले. नंतर खेळाची जागा आवारातून काचेच्या भिंतीआड, दुकानाच्या आत सरकली. पत्रकार एरिक श्लॉसर यांनी २००१ च्या ‘फास्ट फूड नेशन’ या पुस्तकात एकट्या मॅकडोनल्ड्सची अमेरिकेत ८,००० हून अधिक क्रीडांगणे असल्याची नोंद केली आहे.

कंपनीचा हिशेब सोपा होता. मूल येते, त्याच्याबरोबर पालक येतात, पालक पैसे देतात. पण याच काळात अनेक अमेरिकी उपनगरांत चालत जाता येईल असे मैदान जवळ नव्हते. कडक थंडीत किंवा उन्हाळ्यात थोड्या खर्चात मुलांना खेळवण्याची ही जागा अनेक कुटुंबांना खरोखर उपयोगी पडली. तिला नुसती जाहिरातबाजी म्हणून झटकून टाकणे योग्य नाही.

५. ती का गेली?

कारणे एकाहून अधिक आहेत. चेंडूंचा हौद आणि बोगदे आतून स्वच्छ ठेवणे अवघड होते. पडझडीतून दुखापती होत, दावे होत. २००० नंतर मुलांमधील लठ्ठपणाची चर्चा वाढली आणि मुलांना फास्ट फूडकडे ओढणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर टीका होऊ लागली. २०२० च्या कोविड साथीत या जागा बंद झाल्या.

पण सर्वांत खोल कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. गाडीतून न उतरता खिडकीतून पदार्थ घेण्याची सोय, म्हणजे ड्राइव्ह-थ्रू, मॅकडोनल्ड्सने १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे सुरू केली. शेजारी फोर्ट हुआचुका हा लष्करी तळ होता. तिथल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरण्याची मनाई होती. त्यांच्यासाठी दुकानाच्या भिंतीत खिडकी उघडली. कालांतराने अमेरिकेतील विक्रीचा मोठा भाग अशाच खिडकीतून होऊ लागला, पुढे मोबाइलवरून मागणीची भर पडली. ग्राहक दुकानात थांबतच नसेल तर घसरगुंडीने व्यापलेली जागा ही कंपनीच्या दृष्टीने तोट्याची. कोलकात्यात एका किल्ल्यामुळे मैदान मिळाले. ॲरिझोनात दुसऱ्या लष्करी तळामुळे आलेल्या खिडकीने खेळाची जागा अनावश्यक ठरवली.

भारतात मॅकडोनल्ड्स १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत आले. आपल्याकडे शहरांतील जागेचे भाडे जास्त, दुकाने लहान. त्यामुळे घसरगुंडी काही मोजक्या ठिकाणीच मावली. तिची जागा मॉलमधल्या खेळघरांनी घेतली. तिथे कार्डात पैसे भरायचे आणि मुलाने मिनिटांच्या हिशेबाने खेळायचे. आधी खेळ खाण्याबरोबर मिळत होता, आता तो स्वतंत्रपणे विकत मिळतो.

६. फरक कशात आहे?

तिन्ही उदाहरणे शेजारी ठेवा. तोफांचा पल्ला वाढला, युद्धाचे तंत्र बदलले आणि मोकळ्या पट्ट्याचे मूळ कारण कोलकात्यातही संपले. तरीही मैदान टिकले, कारण जमीन एका सार्वजनिक संस्थेकडे राहिली आणि बांधकामावर बंधन राहिले. मुंबईत कारण संपताच पट्टा तुटला. जे वाचले ते वापरणाऱ्यांनी हक्क सांगितला म्हणून. फास्ट फूडच्या दुकानात मात्र खेळणाऱ्याला कोणताच हक्क नव्हता. तो ग्राहकाचा मुलगा किंवा मुलगी होता, नागरिक नव्हता. म्हणून दुकानांमागून दुकानांतून क्रीडांगणे गेली तरी त्यांच्यावर हक्क सांगण्याचा आधार कोणाकडेच नव्हता.

कोलकात्याचे मैदान ही आदर्श कथा आहे असे मात्र समजू नका. त्याच्या मुळाशी गोविंदपूरच्या लोकांचे विस्थापन आहे आणि जमीन आजही लोकनियुक्त नगरपालिकेच्या नव्हे, लष्कराच्या हाती आहे. २०२५ च्या सुरुवातीला किल्ल्याचे नामांतर ‘विजयदुर्ग’ असे जाहीर झाले. नाव बदलले, तरी मैदानाला आधार देणारी गोष्ट तीच आहे : जमिनीची मालकी आणि तिच्यावरचा नियम.

हा नियम तुमच्या गावाशीही जोडलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात मैदानासाठी जमीन राखून ठेवता येते. पण दहा वर्षांत ती संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मैदान असे फायलीतच हरवते. मुलांना ते दिसतही नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा पाहा. त्यात खेळासाठी दाखवलेली एक जागा निवडून प्रत्यक्ष भेट द्या. आज तिथे काय आहे?

२. तुम्ही लहानपणी जिथे खेळलात ती जागा मुळात कशासाठी होती? तो हेतू संपला तर ती जागा कोण वाचवील?

३. पैसे घेऊन खेळू देणारी जागा आणि मोकळे मैदान यांत मुलांच्या खेळण्यात काय फरक पडतो? स्वतःच्या निरीक्षणावरून लिहा.